थर्माकोलचा किल्ला आणि वस्तीचा नळ

सातवीतल्या पोराचा प्रकल्प कोण करतं? खरं उत्तर द्यायचं तर स्टेशनरीचं दुकान करतं. थोर नेते, पाळीव प्राणी, वाहतुकीची साधने, भारतातील नृत्ये, सगळ्यांचे छापील तक्ते तिथे टांगलेले असतात. ते आणायचे, कापायचे, वहीत चिकटवायचे आणि वर स्केचपेनने नक्षीदार मथळा काढायचा. ज्याच्या घरी पैसा आणि सवड आहे, त्याची आई रात्री थर्माकोलचा किल्ला कापत बसते. ज्याच्या घरी मोबाइल आहे, त्याचा दादा गुगलवरून मजकूर उतरवून देतो, आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की दोन मिनिटांत दहा पानं हजर. ज्याच्या घरी यातलं काहीच नाही, ते पोर वर्गात उभं राहतं, कारण त्याची वही "नीटनेटकी" नसते. मग गुण पडतात. हे गुण ज्ञानाचे नसतात. बापाच्या खिशाला आणि आईच्या सवडीला पडलेले ते गुण असतात, आणि या देशात बापाचा खिसा नि आईची सवड जातीनुसार वाटलेली आहे, हे आम्ही तुम्हाला सांगायची गरज नाही.

कायद्यात मात्र सगळं छान लिहिलेलं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 म्हणतं की मुलांनी कृतीतून, शोधातून, धुंडाळण्यातून शिकावं. त्या आधारावर महाराष्ट्राने 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये प्रकल्पाला जागा दिली. कागदावर प्रकल्प म्हणजे मुलाने स्वतः प्रश्न विचारायचा, माहिती गोळा करायची, निष्कर्ष काढायचा. वर्गात त्याचं काय झालं? नोंदवहीतला एक रकाना. मास्तरांच्या डोक्यावर ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं करायची, वेगवेगळे दिवस साजरे करून त्यांचे फोटो वर पाठवायचे. रकाना भरला की ते सुटतात. त्यांना एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. पण रकाना भरण्याच्या या खेळात कुणाचं नुकसान होतं, हे बघायला नको का?

विषय बघा कसे दिले जातात. "पाणी वाचवा." ज्या वस्तीच्या नळाला तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं पाणी येतं, त्या वस्तीतल्या पोरीने चित्र काढायचं, की दात घासताना नळ बंद ठेवा! अरे, नळ बंदच आहे. तो चालू कधी होणार, हा तिचा प्रश्न आहे आणि तो विषयांच्या यादीत नाही. "आपले सण" असा प्रकल्प दिला की वहीत गुढी येते, दिवाळीची पणती येते, गणपती येतो. 14 ऑक्टोबर किती वह्यांत येतो? आणि 14 एप्रिलच्या आसपास "डॉ. बाबासाहेब आंबेडकर" हा विषय दिलाच, तर एक कोटातला फोटो, जन्म महू, घटनेचे शिल्पकार, प्रकल्प समाप्त. ज्या माणसाने 1918 साली भारतातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीचा हिशोब मांडला, 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्याकडून आपल्या मुलांनी आकडे मांडायला शिकायचं की त्याचा फोटो गोंदाने चिकटवायला शिकायचं?

आम्ही हे का म्हणतोय, तर शोध घेऊन शिकणं ही परक्याची गोष्ट नाही, आपल्या परंपरेचा तो कणा आहे. बुद्धाने कालामांना काय सांगितलं? परंपरेने चालत आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, स्वतः तपासा. पाचवीच्या मुलाला संशोधनाचा पहिला धडा द्यायचा तर यापेक्षा वेगळा काय देणार? आणि 1855 साल आठवा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांगाची मुलगी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो "ज्ञानोदय"मध्ये छापून येतो. आजच्या हिशोबाने ती आठवीतली पोर. तिने कुठला छापील तक्ता कापला नाही. पेशवाईत आपल्या पूर्वजांचं काय झालं, इमारतींच्या पायात कुणाला गाडलं, आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर तरी असतं का, हे तिने पाहिलं, ऐकलं, जुळवलं आणि थेट धर्मालाच प्रश्न विचारला: वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता? हा महाराष्ट्रातला शालेय प्रकल्प आहे, आणि पावणेदोनशे वर्षांनंतर आपली शाळा तेवढी मजल मारू देत नाही.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबियात होते. जॉन ड्यूई त्यांचे गुरू. करून, तपासून, चर्चा करून शिकण्याची जी शिक्षणदृष्टी आज सगळीकडे मिरवली जाते, तिचा मोठा झरा ड्यूईंपाशी आहे, आणि "प्रकल्प पद्धती" या नावाचा किलपॅट्रिकचा गाजलेला लेख 1918 साली त्याच कोलंबियाच्या अध्यापक महाविद्यालयाच्या नियतकालिकात आला. म्हणजे ही पद्धत समजून घ्यायला आपल्याला कुणा कन्सल्टन्सीची पॉवरपॉइंट बघायची गरज नाही. 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडली. तिच्यात नुसता आक्रोश नव्हता. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचं प्रकरण, हंटर कमिशनच्या काळातले आकडे, सरकारचेच जुने अहवाल उकरून त्यांनी सरकारपुढे ठेवले. मोजलेली गोष्ट हेटाळता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता वस्तीच्या नळाकडे येऊ. कारण बोलायचं तर नुसत्या परंपरेवर नको, उद्या सकाळी काय करायचं त्यावर बोलू.

सहावी-सातवीची सहा पोरं घ्या. 15 लिटरची एक बादली आणि एक घड्याळ, साहित्य एवढंच. गावातल्या दोन नळांवर आठ दिवस बादली भरायला लागणारा वेळ मोजायचा, पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं ते लिहायचं, आणि त्या नळावर किती घरं भरतात ते मोजायचं. समजा, वरच्या आळीतल्या नळावर बादली 50 सेकंदांत भरते, वस्तीच्या नळावर 150 सेकंदांत. पाणी दोन्हीकडे अर्धा तास. म्हणजे तिकडे 36 बादल्या, 540 लिटर, इकडे 12 बादल्या, 180 लिटर. तिकडच्या नळावर तीन घरं असतील आणि इकडे नऊ, तर तिकडे घरामागे 180 लिटर आणि इकडे 20. जल जीवन मिशनचं माप आहे माणशी दररोज 55 लिटर. इथे अख्ख्या घराला 20. या एका प्रकल्पात गुणोत्तर आलं, सरासरी आली, एककांचं रूपांतर आलं, स्तंभालेख आला, विज्ञानातला दाब आला, नागरिकशास्त्रातली ग्रामपंचायत आली. पुस्तकातली "एका टाकीला दोन नळ आहेत" ही उदाहरणं ज्यांना डोक्यात शिरत नाहीत, त्या पोरांना हे शिरतं, कारण ती टाकी त्यांनी पाहिलेली आहे आणि रांगेत त्यांची आई उभी आहे. आणि असंही होऊ शकतं की आकडे आपल्या अंदाजाविरुद्ध निघतील, दोन्ही नळ सारखेच भरतील. तेही लिहायचं. पोरांना "अन्याय शोधून आणा" असं सांगून पाठवलं तर तो शोध राहत नाही. ते आपल्याच सोयीचं पाठांतर होतं.

असे विषय हाताशी किती आहेत! अनुसूचित जातीच्या पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. आपल्या शाळेतल्या किती मुलींचे अर्ज गेले, किती जणींच्या खात्यात पैसे आले, कुठे अडलं: जातीचा दाखला, आधार, बँक खातं की शाळेतला कागद? त्याच मुलींनी त्याचा माग काढला, तर त्यांना व्यवस्थेचा जो नकाशा दिसेल तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शिक्षण हक्काचे महाराष्ट्राचे नियम म्हणतात, पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. 2023 पासून कमी पटाच्या शाळा बंद करून "समूह शाळा" करण्याची भाषा चालू आहे. मग पोरांनी पावलांनी, दोरीने, सायकलच्या चाकाच्या फेऱ्यांनी अंतर मोजावं. वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते, मुली एकट्या जातात का, हे लिहावं. 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आपल्या गावात पाटी बदलली का, कागद बदलले का, आणि लोकांच्या तोंडातलं नाव बदललं का? तीन वेगळे प्रश्न आहेत, तीन वेगळी उत्तरं येतील. आणि आजी शाळेत का गेली नाही, हा प्रश्न तर प्रत्येक घरात पडून आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून "आम्हीही इतिहास घडवला" उभं केलं, ते 1989 साली आलं. विद्यापीठाच्या खुर्च्या ज्या बायांना विसरल्या होत्या, त्या अशा सापडल्या. सातवीची नात आजीशी बोलू शकते. फक्त आजी म्हणेल ते शब्द जसेच्या तसे लिहायचे, तिची बोली "शुद्ध" करत बसायची नाही.

आमच्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे. ते म्हणतात, आपल्या पोरांना आधी वाचन, गणित, इंग्रजी येऊ द्या. हे प्रकल्पाचे चोचले त्यांना परवडतात, ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदवीधर आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाही. "मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतील" हे सांगणारे बहुतेक जण अशा घरांतले असतात, जिथे मोकळं सोडलेल्या मुलाच्या आजूबाजूला पुस्तकांची कपाटं आणि इंजिनिअर काका असतात. आपलं पहिल्या पिढीचं पोर मोकळं सोडलं तर ते एकटंच पडतं. म्हणूनच आम्ही म्हणतो, स्वतंत्रपणे शिकणं हे शिकवावं लागतं, आणि ते कसोशीने शिकवावं लागतं. प्रश्न कसा बांधायचा, "पाणी का येत नाही" हा प्रश्न मोठा आहे आणि "बादली किती वेळात भरते" हा मोजता येतो, हा फरक मास्तरांनी दाखवून द्यायचा असतो. ऐकलेलं, वाचलेलं आणि स्वतः पाहिलेलं वहीच्या तीन वेगळ्या रकान्यांत लिहायला लावायचं असतं. पाचवीत प्रश्न मास्तरांनी द्यावा आणि काम आठवड्यात संपावं. सहावीत दोन-तीन प्रश्नांतून गटाने निवडावा. सातवीत प्रश्न मुलांचा, तक्ता मात्र मास्तरांसोबत बसून आखलेला. आठवीत पोरांनी आपलं म्हणणं मोठ्यांच्या समोर उभं राहून मांडावं आणि उलट प्रश्नांना उत्तरं द्यावीत. हात हळूहळू काढून घ्यायचा असतो, पहिल्याच दिवशी सोडायचा नसतो. आणि वाचन-लेखनाचं म्हणाल, तर जे पोर धडा वाचायला कुरकुर करतं ते आपल्या आजोबांच्या नावाचा सातबारा अक्षर अक्षर लावून वाचतं.

गरिबाच्या शाळेत हे चालतं का? चाललेलं आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे नेमक्या सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. साध्या सरकारी शाळा, गावाकडची पोरं. 1978 मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं. 1982 मध्ये त्यासाठी संस्था निघाली, तिचं नाव एकलव्य. (अंगठा कापून घेणाऱ्या परंपरेत हे नाव घेणं आम्हाला आवडतं, मात्र गुरुदक्षिणेचा भाग वगळून.) "बाल वैज्ञानिक" नावाची त्यांची पुस्तकं होती, ज्यांत उत्तरं नव्हती, प्रयोग आणि प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक सोबत न्यायची मुभा, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. तीस वर्षं चाललं. 2002 साली सरकारने ते बंद केलं. एक आरोप असा होता, की ही पोरं बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. सरकारी शाळेतलं पोर शोध घेऊन शिकू शकतं, ही पहिली. आणि वरच्या परीक्षा जोवर पाठांतराच्या आहेत, तोवर खालच्या वर्गातली चौकस पोरं कुणाला तरी खुपणारच, ही दुसरी. म्हणून परीक्षेची तयारीही सोडायची नाही. आपल्याला दोन्ही लागतं, आणि दोन्ही मागायला आपण लाजत नाही.

आता नवीन शैक्षणिक धोरणाकडे. 2020 च्या या धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन उमेदवारी करावी. ऐकायला गोड आहे. पण 1953 साली मद्रासमध्ये राजाजींनी आणलेली योजना आठवते का? अर्धा दिवस शाळा, उरलेला वेळ घरच्या धंद्यात. पेरियारांच्या चळवळीने त्याला कुलशिक्षण म्हणून झोडपलं आणि 1954 मध्ये कामराजांच्या काळात ती योजना गुंडाळावी लागली. दहा दिवस म्हणजे अर्धा दिवस नव्हे, हे आम्हाला कळतं. तरीही प्रश्न उरतो. बंगल्यातलं पोर दहा दिवस चिखलात हात घालून, सेल्फी काढून परत जाईल. पण कुंभाराचं पोर कुणाकडे जाणार? सफाई कामगाराच्या पोराला "स्थानिक कारागीर" म्हणून कोण दाखवणार? बँडवाल्याचं, चांभाराचं, झाडूवालीचं पोर तर सुट्टीत तेच करतं. त्याला त्यासाठी शाळा नको आहे, त्यातून सुटण्यासाठी शाळा हवी आहे. तात्यासाहेब फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे अभ्यासक्रमात मागितले होते, पण लिहिणं, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या सोबत. शेतकऱ्याच्या पोराला पुन्हा नांगराला जुंपण्यासाठी नव्हे.

तरी हे दहा दिवस आलेच तर त्यांचा आपण ताबा घ्यावा, असं आमचं म्हणणं आहे. कुंभाराकडे जा, पण चाक फिरवून परत येऊ नका. माती कुठून येते, कुणाच्या जमिनीतून, काय भावाने? एका भट्टीमागे सरपण किती, फुटलेला माल किती, हातात उरतं किती? त्याच्या मुलाने हा धंदा केला की सोडला, आणि का? नगरपालिकेच्या सफाई कामगारांना विचारा, कायम किती, ठेक्यावर किती, हातमोजे शेवटचे कधी मिळाले? मग बघू हे दप्तराविना दिवस किती शाळांना परवडतात.

यात धोका आहे आणि तो झाकून ठेवणं गुन्हा ठरेल. गावात बारा वर्षांच्या पोरीने वरच्या आळीतल्या नळावर घड्याळ घेऊन उभं राहणं ही साधी गोष्ट नसते. म्हणून पोरांना एकटं पाठवायचं नाही, शाळेचं किंवा कुणा मोठ्या माणसाचं पाठबळ आधी उभं करायचं. वहीत कुणाचंही नाव लिहायचं नाही, घराला क्रमांक द्यायचा. वर्गात कुणा पोराला "तुझी जात सांग" म्हणून उभं करायचं नाही, हे तर उघडच आहे, तरी सांगावं लागतं. पोरांचे आकडे घेऊन पंचायतीत भांडायला जायचं काम मोठ्यांचं. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा तर तोही बापाच्या किंवा कार्यकर्त्याच्या सहीने. पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवून चळवळ चालवायची नसते. आणि आपली वस्ती बाहेरच्या शाळांच्या प्रकल्पांसाठी नमुना म्हणून उघडून ठेवायची नाही. मोठ्या शाळांची पोरं "झोपडपट्टी अभ्यास" करायला येतात, फोटो काढतात, बक्षीस घेऊन जातात. यापुढे कुणी आलं तर आपल्या पोरांनी त्यांना आधी विचारावं, तुमच्या सोसायटीत घरकामाच्या बाईंना लिफ्ट वापरू देता का? तोही चांगला प्रकल्प होईल.

युवकांना आमचं सरळ सांगणं आहे. कितीतरी विहारांत, समाजमंदिरांत आज अभ्यासिका चालतात. तिथे रात्री उशिरापर्यंत एमपीएससी, पोलीसभरतीची पोरं बसलेली असतात. चांगलंच आहे. पण संध्याकाळी पाच ते सात ती खोली रिकामी असते आणि पाचवी ते आठवीची पोरं बाहेर ओट्यावर मोबाइल बघत असतात. आठवड्यातले दोन दिवस ती खोली त्यांना द्या. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनीच त्यांना तक्ता आखायला, टक्केवारी काढायला शिकवावं; त्यांचाही अंकगणिताचा सराव होईल. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून भरते, 10 ते 17 वयाच्या मुलांनी स्थानिक प्रश्नावर गटाने काम करायचं असतं आणि मातृभाषेत मांडता येतं. तिथे आपल्या वस्त्यांमधले गट गेले पाहिजेत.

यंदा सुरुवात नळापासून करा. जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांना भेटा, हाच उपक्रम आकारिक मूल्यमापनातला प्रकल्प म्हणून धरा असं लेखी सांगा आणि पोच घ्या. वहीच्या दोन प्रती काढा. एक शाळेत जाईल, वर्षाअखेर रद्दीतही जाईल. दुसरी विहाराच्या कपाटात तारीख घालून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सहावीला त्याच नळावर, त्याच बादलीने पुन्हा मोजता येईल.